गवताची सुट्टी

साहेबांनी ऑफिसच्या भिंतीवर नकाशा लावला, त्या दिवसापासून मला त्या ऑफिसची भीती जराशी कमी वाटायला लागली. म्हणजे बघा, तोवर मी स्टुलावर बसायचो तेही अर्धाच. कोणी हाक मारली की चटकन उठता यावं म्हणून, आणि कोणी 'तू इथला नाहीस, चल ऊठ' म्हणालाच तर फार जागा अडवून बसलेलो दिसू नये म्हणूनही.

मी माणदेशातला. रेल्वेत गँगमन असलेल्या एका नातलगाच्या मागोमाग डहाणूला आलो, तेव्हा इथली हवासुद्धा मला अंगाला चिकटल्यासारखी वाटायची. भाकरी मिळेना, भात पोटाला पुरेना, आणि बाजारात माणसं एकाच वाक्यात मराठीतून गुजरातीत जायची ती मला कळायची नाहीत. शिक्षण खात्याच्या ऑफिसात पट्टेवाला हवाय असं कळलं म्हणून गेलो. साहेबांनी अक्षर काढून दाखवायला सांगितलं. बघितलं आणि म्हणाले, "अक्षर चांगलंय. शाळा का सोडलीस?"

"सोडली नाही, साहेब. चौथीला शाळाच संपली."

गावात शाळा चौथीपर्यंतच होती, पुढची होती ती लांब, आणि तिकडे जाण्यापेक्षा मेंढरांमागे जाणं घरच्यांना सोपं वाटलं. एवढं सगळं मी काही बोललो नाही. पण साहेबांनी माझ्या अक्षराचा कागद घडी करून ठेवला आणि म्हणाले, "उद्यापासून ये." त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे. लग्न, मुलं, हे घर, सगळं. म्हणून साहेबांबद्दल लिहिताना हात जड होतो. त्यांच्याविरुद्ध एक अक्षर लिहायचं मनात नाही. पण जे झालं ते झालं.

तर नकाशा. कापडावर चिकटवलेला, साहेबांनी स्वतः काढलेला. डहाणू त्यात होतंच, आणि उंबरगाव गुजरातेत गेल्यावर तलासरीचा जो भाग इकडे राहिला तोही बघायला आमच्याच साहेबांकडे होता. जिथे शाळा तिथे लाखेचा लाल ठिपका, असं त्यांनी ठरवलं. लाख मी मेणबत्तीवर वितळवायची आणि ते बोट दाखवतील तिथे थेंब सोडायचा. समुद्रकाठाला ठिपके एकमेकांना चिकटले. रेल्वे ओलांडली तसे विरळ झाले. उधव्याच्या पलीकडे, नदीच्या पल्याडच्या पाड्यावर, एकच पडला. त्यावर बोट ठेवून साहेब म्हणाले, "हा ठिपका टिकवायचा आपण. नियम काय आहे माहितीय ना? सलग दोन वर्षं हजेरी कमी भरली की शाळा जवळच्या शाळेत मिसळायची."

"जवळची कुठली, साहेब?"

"सडकेवरची."

म्हणजे नदीच्या अलीकडची. पावसाळ्यात तिकडे माणूस जात नसे, तर पोरं कुठली जाणार. ती शाळा मिसळली की संपलीच, हे साहेबांना कळत होतं. आणि मला तर जरा जास्तच कळत होतं.

फिरतीला आम्ही निघायचो ते दिवाळीनंतर. रस्ते तेव्हाच मोकळे व्हायचे. मी वळकटी आणि स्टोव्ह घ्यायचो, साहेब छत्री. एस.टी.नं उधव्यापर्यंत आणि पुढे पायी. त्या थंडीत आम्ही पाड्यावर पोचलो तेव्हा मास्तर शाळेच्या दारात उभा राहून घंटा वाजवत होता. घंटा म्हणजे आंब्याच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. वाजवून वाजवून त्याचा हात दुखला असेल, पण कुडाच्या त्या खोलीत पोरं म्हणाल तर ओंजळभर.

मास्तर वरोरचा. समुद्रावरचा माणूस डोंगरात येऊन पडलेला. आला दिवस हसून काढायचा. साहेबांना बघून त्यानं घंटेचा हातोडा खाली ठेवला.

"या साहेब. गाव नसलं की तुम्ही हमखास येता."

"गाव कुठे गेलं?"

"गवतात. सगळा पाडा गेलाय. बाप गवत कापणार, आई पेंढ्या बांधणार, मोठी पोरं वाहणार, लहानी आणखी लहानांना सांभाळणार. मुंबईच्या तबेल्यातल्या म्हशी उपाशी राहून कसं चालेल? तुम्ही पावसात या ना. बसायला जागा नसते इथे. भिंतीला टेकून उभी असतात पोरं."

"पावसात नदी मला येऊ देते का, मास्तर?"

"तेच तर. आमची शाळा भरते तेव्हा बघायला फक्त बेडूक असतात."

साहेब हसले, पण हजेरीपट उघडल्यावर त्यांचं हसू गेलं. नियमाला बेडूक चालत नाहीत. हजेरी मोजायची ती साहेब येतील तेव्हाची आणि वर्ष संपतानाची. साहेब येऊ शकत तेव्हाच पाडा रिकामा. ही गोष्ट काही गुपित नव्हती. मास्तरला माहीत होती, साहेबांना होती, जिल्ह्याच्या साहेबांनाही असणार.

त्या ओंजळीत एक मुलगी होती. तिसरीची. मांडीवर धाकटा भाऊ घेऊन बसलेली. साहेबांनी पुस्तक दिलं तर तिनं न अडखळता वाचलं, आणि भावानं पानाला हात लावला की त्याचा हात बाजूला करून तिथूनच पुढे. पाड्यावर चौथीला पोचलेलं तोवर कोणी नव्हतं.

"तू कशी गवतात गेली नाहीस?" साहेबांनी विचारलं.

उत्तर दारातून आलं. तिची आजी तिथे उकिडवी बसली होती. डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नसावं, पण तोंड खणखणीत. त्या लोकांत साहेब असो की देव, सगळ्यांना 'तू'च.

"शाला हाय तं जाईल कशी? मुकादम आलता. मी त्याला सांगलां, सरकारची शाला चालू हाय. पोरीला नेशील तं सरकार तुला धरल."

"मग?"

"मंग काय? गेला शिव्या देत."

सगळे हसलो. साहेब तर खूशच झाले. "बघा मास्तर, शाळेचा धाक आहे अजून," म्हणाले. मुलीला म्हणाले, "पुढच्या वर्षी चौथी पास हो. वसतिगृहाच्या शाळेत मी स्वतः नेऊन बसवतो तुला." तिनं मास्तरकडे बघितलं, खरं का म्हणून. मास्तरनं मान हलवली. मीही हलवली, मला कोणी विचारलं नव्हतं तरी.

परतीच्या वाटेवर साहेब बोलत होते. त्यांची एक पद्धत होती, ती मला पाठ झाली होती. आधी स्वतः जाऊन बघायचं. मग ज्यांचा प्रश्न त्यांना विचारायचं. मग दोन-तीन मार्ग मांडायचे, प्रत्येकाचे फायदे-तोटे. मग थोड्या ठिकाणी करून बघायचं. मग तपासायचं. इतर साहेब टेबलावर बसून ठराव लिहायचे. आमचे साहेब असं कधी करत नसत, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता.

"पोरं गवतात जाणारच," साहेब म्हणाले. "मग त्या दिवसांत शाळा उघडी ठेवून रिकामी हजेरी लावायची कशाला? सुट्टीच देऊ. दिवाळीची कापू, मे महिन्याची कापू, आणि ते दिवस गवताला देऊ. घड्याळ त्यांच्या आयुष्याप्रमाणे लावायचं."

मला ते इतकं पटलं की मी वळकटी दुसऱ्या खांद्यावर घेतली, उगाच.

पण विचारल्याशिवाय ठरवायचं नाही, ही साहेबांची पद्धत. आईबाप पाड्यावर नव्हते, म्हणून आम्ही ते होते तिथे गेलो. दूरवर गवताचं माळरान, मध्ये पेंढ्यांचे ढीग, कडेला पालापाचोळ्याच्या खोपी. मुकादमानं साहेबांसाठी खाट मागवली. स्वतः मागे उभा राहिला, कानावर विडी, हातात काही नाही. बायका-पुरुष विळे हातात घेऊनच समोर बसले. मुकादमानंच हाका मारून त्यांना बसवलं होतं.

साहेबांनी नीट समजावून सांगितलं. सोप्या शब्दांत, घाई न करता. मग विचारलं, "गवताच्या दिवसांत शाळेला सुट्टी दिली, आणि उन्हाळ्यात शाळा घेतली, तर तुम्हाला चालेल?"

मग एक माणूस म्हणाला, "बरां."

"सगळ्यांना बरं वाटतंय?"

"बरां," दोन-तीन जण.

"मनात काही असेल तर सांगा. मी ऐकायलाच आलोय."

मुकादम मागून म्हणाला, "बोला रे, साहेब एवढे पायी आलेत तुमच्यासाठी."

"बरां," ते सगळे म्हणाले, आणि विळे उचलून उठले.

साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "याला म्हणतात विचारून करणं." मी हो म्हटलं. मला खरंच तसंच वाटलं. आज विचार करतो तेव्हा डोळ्यांसमोर ती खाट येते, तिच्यामागे उभा असलेला माणूस येतो, आणि समोर बसलेल्यांची नजर येते. ती साहेबांच्या खांद्यावरून पलीकडे जात होती.

बैठक डहाणूला झाली. पंचायत समित्या तेव्हा नव्या होत्या, खुर्च्यांना वॉर्निशचा वास होता. सभापती समुद्रकाठचे मोठे बागायतदार, चिकूच्या वाड्या, भातशेती, सगळं. बाकी सभासदही बहुतेक काठावरचेच. तलासरीकडचा एक जण होता, तो कोपऱ्यात बसून टोपी मांडीवर फिरवत असायचा. मी चहा देत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

आधी झेंड्याच्या खांबावर बोलणं झालं. मग बिस्किटांवर. कोणीतरी म्हणालं, "मागच्या वेळी नानकटाई होती." सभापती म्हणाले, "मागच्या वेळी कामही झालं होतं." हशा.

मग साहेब उभे राहिले. तीन मार्ग मांडले. एक, आहे तसं चालू द्यायचं. शाळा बंद पडणार. दोन, हजेरीचा नियम जिल्ह्याकडून शिथिल करून घ्यायचा. वेळ लागेल, मिळेल की नाही सांगता येत नाही. तीन, गवताची सुट्टी.

एक काठावरचे सभासद तडकून म्हणाले, "म्हणजे आमच्या मुलांनी मे महिन्यात शाळेत बसायचं? मामाकडे कधी जायचं मग? आंबे शाळेत मागवायचे का?"

"काठावर नाही, भाऊ. फक्त जंगलपट्टीतल्या थोड्या शाळांत. एक वर्ष प्रयोग म्हणून."

"मग माझं काही म्हणणं नाही. त्यांचे आंबे ते बघतील."

सभापती साध्या खडूच्या पेटीवरही तासभर वाद घालणारे गृहस्थ. ते म्हणाले, "साहेबांनी अभ्यास करून आणलंय. चांगलं आहे. मंजूर." कोपऱ्यातल्या सभासदानं टोपी फिरवायची थांबवली, काही बोलेलसं वाटलं. मग त्यानं ती डोक्यावर घातली.

ऑफिसात परत आल्यावर हेडक्लार्क भाऊसाहेबांनी पान लावता लावता मला विचारलं, "काय रे, तुझ्या साहेबांचा ठराव चुटकीसरशी पास झाला म्हणे?"

"हो ना, भाऊसाहेब."

"सभापतींनी घरच्या लग्नालासुद्धा इतक्या लवकर होकार दिला नव्हता. तलासरीकडे त्यांचं गवताचं रान केवढं आहे माहितीय का तुला?"

"मग काय झालं?"

"कुठे काय झालं. पान खातोस?"

सभापतींनी जाणूनबुजून काही केलं असं मी म्हणत नाही. त्यांना ती कल्पना चांगलीच वाटली असेल. सगळ्यांनाच वाटली होती. त्या संध्याकाळी साहेबांनी मला त्यांच्या घरी नेऊन जेवू घातलं. बाईसाहेबांनी माझ्यासाठी म्हणून ज्वारीची भाकरी केली होती, पीठ कुठून मिळवलं देव जाणे. साहेब म्हणाले, "नोकरीत एक तरी गोष्ट नीट ठरवून केली रे." मी मान खाली घालून जेवत होतो, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते भाकरीमुळे की त्यांच्या बोलण्यामुळे ते मला समजत नव्हतं.

पुढच्या वर्षी दिवाळी झाली, आणि सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला पाड्यावर पाठवलं. मास्तरला चित्रांचे तक्ते पोचवायचे होते. मुलं परत आली की भिंती बोलक्या दिसाव्यात अशी त्यांची इच्छा.

मी पोचलो तेव्हा पाड्याखालच्या वाटेवर ट्रक उभा होता. मुकादम मागच्या फळीवर हात टेकून माणसं चढवत होता. आणि या वर्षी नुसती मोठी माणसं नव्हती, पाड्यावरचं मूल न मूल होतं. मागच्या वर्षी शाळेत होती ती ओंजळही. मास्तर आंब्याखाली उभा होता.

मुकादमानं मला ओळखलं. "काय रे देशावरच्या! तुझ्या साहेबाला माझा रामराम सांग. दरसाल या म्हातारीशी भांडण व्हायचं माझं. या वर्षी भांडण नाय, शिव्या नाय. सरकारनंच सुट्टी दिली म्हटल्यावर काय!"

"लहान पोरांना कशाला नेतोस?" मी म्हटलं.

"मग घरी काय करतील? शाळा तर बंद. आणि मला काय बोलतो तू? कागद तुमचा, शिक्का तुमचा."

आजी दगडावर बसली होती. तिलाही नेणार होते. पोरगी गेल्यावर तिला पाणी कोण देणार? तिनं माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.

"तू तं साहेबासंगती येणारा ना? आता मी मुकादमाला काय सांगू? सांगायला काय ठेवलां तुमी?"

मुलगी ट्रकमध्ये चढली होती, कडेवर भाऊ. गवताच्या टोळीतल्या बाळांना सांभाळायला तिला घेतलं होतं. ती फळीवरून वाकून मास्तरला म्हणाली, "मास्तर, शाला कंदी उघडल?"

मास्तरनं सांगितलं. सुट्टी संपायचा दिवस. तिनं तो तोंडातल्या तोंडात घोकला, पाढा घोकतात तसा. ट्रक हलला तरी तिचे ओठ हलत होते.

त्या दिवशी मास्तर पहिल्यांदा हसला नाही. तक्ते मी भिंतीला लावले. त्यानं मला नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी वाढली. जेवताना एवढंच बोलला, "इतके दिवस शाळा चालू आहे म्हणून चार पोरं मुकादमापासून वाचायची. हे माझ्यासुद्धा डोक्यात आलं नाही रे. मीच पहिली सही केली सुट्टीच्या त्या सूचनेवर."

सुट्टी संपली, शाळा उघडली, आणि कोणी आलं नाही. कारण गवत काय सुट्टीच्या हिशेबानं संपत नाही. कापणी झाली की गवत दाबून गासड्या बांधायला वखारीवर नेतात, वखार झाली की मिठागर, नाहीतर वीटभट्टी. टोळी एकदा सगळ्या कुटुंबासकट उचलली की सोयीनं फिरवता येते. आधी पाड्यावर चार पोरं आणि म्हातारी माणसं मागे असायची म्हणून आईबापांना परत यायची ओढ असायची. आता मागे कोणी नव्हतं. मोहाची फुलं पडायला लागली तेव्हा कुठे माणसं परतली.

आणि मग उन्हाळ्यातली शाळा. साहेब आणि मी भर मे महिन्यात गेलो. नदीत फक्त दगड होते. साहेब बूट न काढता पलीकडे गेले. मास्तर खोलीत एकटा बसलेला. पाड्यावरची विहीर आटली होती. बायका आणि पोरं पहाटे झऱ्यावर जायची आणि एकेक वाटी पाणी साठायची वाट बघत तिथेच दुपार करायची. शाळा उघडी होती, तक्ते भिंतीवर होते, चित्रातली गाय हिरव्या कुरणात उभी होती.

"ती मुलगी?" साहेबांनी विचारलं.

"झऱ्यावर. परीक्षा झाली तेव्हा वखारीवर होती. पुस्तक नेलं होतं बरोबर, साहेब. मी निरोप पाठवला होता मुकादमाकडे." मास्तरनं भिंतीवरचा तक्ता सरळ केला. "मुकादमाकडेच पाठवावा लागतो ना निरोप."

साहेब बाहेर आले आणि आंब्याखालच्या दगडावर बसले. ट्रकच्या दिवशी आजी बसली होती तोच दगड. घाम पुसला नाही. मग म्हणाले, "म्हातारीनं सांगितलं होतं रे आपल्याला. आपण हसलो."

मी छत्री त्यांच्यावर धरली.

साहेबांनी ठराव फिरवायची खटपट केली नाही असं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतः गेले. तिथे सांगण्यात आलं की प्रयोग आपणच मागितला होता, समितीनं मंजूर केला, पालकांची संमती आपणच नोंदवली आहे. आता आकडे काय म्हणतात ते बघू. आकडे काय म्हणणार होते? मागच्या वर्षी हजेरी कमी, या वर्षी त्याहून कमी. सलग दोन वर्षं. जो नियम चुकवायला हे सगळं केलं, त्यातच आम्ही चालत गेलो, तेही सगळं विचारून, लिहून, सह्या करून.

जूनमध्ये साहेबांची बदली झाली, दूर विदर्भात. निघताना त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलंही नाही. मला मात्र म्हणाले, "तुझी नोकरी पक्की करून ठेवलीय. काळजी करू नकोस." गाडी सुटेपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही. मनात मात्र भलतंच येत होतं, की हाच माणूस मला भेटला नसता तर मी कुठे असतो, आणि हाच माणूस त्या मुलीला भेटला नसता तर ती कुठे असती. असा विचार करणं हा कृतघ्नपणा आहे. पण तो आला, आणि अजून येतो.

पावसाळ्यात ती शाळा भरली. मास्तरनं नंतर सांगितलं, भिंतीला टेकून पोरं उभी होती, ती मुलगी परत चौथीत बसली होती. बघायला कोणी नव्हतं. बंद करायचा हुकूम तेव्हा टेबलावरून टेबलावर येत होता. दिवाळी होऊन रस्ते मोकळे झाले तसा तो पाड्यावर पोचला. मास्तरला सडकेवरच्या शाळेत घेतलं. सामान आणायला नव्या साहेबांनी मला धाडलं.

सामान ते काय असणार. फळा बैलगाडीनं गेला. तक्ते उंदरांनी खाल्ले होते. घंटा तेवढी मी खांद्यावर घेतली, दोरीत ओवून, आणि हातोडा पिशवीत. नदी ओलांडून सडकेला लागायचं तर गवताच्या रानातून जवळची वाट होती. त्या वाटेनं निघालो. गवत माझ्या छातीपर्यंत, वाळून पिवळं झालेलं. चालताना हातोड्याची पिशवी घंटेला लागायची आणि ठण्ण व्हायचं. माझ्या लक्षात आलं नाही.

आधी एक डोकं गवतातून वर आलं. मग दुसरं. मग इकडे तिकडे पोरंच पोरं, पेंढ्या टाकून उभी राहिलेली, सगळी माझ्याकडे बघत. ती मुलगी माझ्या अगदी जवळ होती. कडेवर भाऊ नव्हता आता, हातात विळा होता.

"शाला उघडली?" ती म्हणाली.

"नाही."

तिनं खांद्यावरच्या घंटेकडे पाहिलं. "मंग ती कुठं नेतस?"

"सडकेच्या शाळेत."

"आमी यायचां तिथं?"

नदी, पाऊस, हजेरी, नियम, यातलं काय सांगायचं? मी म्हटलं, "लांब आहे."

लांबून मुकादमाची हाक आली. पोरांची डोकी एकेक करून गवतात खाली गेली, आणि शेवटी तिचंही. विळ्याचा आवाज सुरू झाला, खर्र, खर्र.

मी पुढे निघालो तर परत ठण्ण झालं. मी तिथेच थांबलो. गळ्यातलं उपरणं काढलं, घंटेभोवती घट्ट गुंडाळलं, वर गाठ मारली, आणि मग चालायला लागलो.